पाचांतले दोघे घरीच का राहतात? घटत्या मतदानामागची कारणे

४ जुलै २०२४ रोजी ब्रिटनमध्ये सार्वत्रिक निवडणूक झाली, चौदा वर्षे सत्तेवर असलेला हुजूर पक्ष पायउतार झाला आणि किअर स्टार्मर यांच्या मजूर पक्षाने ६५० पैकी ४११ जागा जिंकल्या. या प्रचंड विजयाच्या बातम्यांमध्ये दोन आकड्यांकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. नोंदणी झालेल्या मतदारांपैकी केवळ ६० टक्क्यांच्या आसपास लोकांनी मतदान केले होते आणि त्यांपैकी सुमारे ३४ टक्के मते मजूर पक्षाला मिळाली होती. याचा अर्थ असा, की यादीतल्या दर पाच मतदारांपैकी एकाने विजयी पक्षाला मत दिले, दोघांनी इतर पक्षांना दिले आणि दोघे मतदान केंद्राकडे फिरकलेच नाहीत. कोणत्याही एका पक्षाच्या मतदारांपेक्षा न आलेल्यांची संख्या मोठी होती.

ज्या देशाच्या संसदीय पद्धतीवरून आपण आपली पद्धत घेतली, तिथे हे घडावे याचे अनेकांना आश्चर्य वाटते. लोक आळशी झाले, मोबाइलमध्ये गुंतले, राजकारणाला विटले, अशी उत्तरे लगेच दिली जातात. मला ती उत्तरे अपुरी वाटतात, आणि काही प्रमाणात अन्यायकारकही.

घसरण किती आणि कुठे

नोंदणी झालेल्या शंभर मतदारांपैकी जितक्यांनी मत दिले, ती मतदानाची टक्केवारी. ब्रिटनमध्ये ती १९५० साली ८४ होती. पुढची चार दशके ती थोडी वरखाली होत राहिली, तरी १९९२ सालीही ७८ टक्क्यांच्या जवळ होती. त्यानंतर मात्र १९९७ मध्ये ७१ आणि २००१ मध्ये थेट ५९ अशी ती कोसळली. पहिले महायुद्ध संपल्यावर लगेचच, १९१८ साली, झालेल्या निवडणुकीनंतरचा हा नीचांक होता. मग हळूहळू चढत ती २०१७ मध्ये ६९ टक्क्यांपर्यंत पोहोचली आणि २०२४ मध्ये पुन्हा ६० वर आली.

इतर जुन्या लोकशाह्यांची वाटचालही साधारण अशीच आहे. इटलीत १९७६ साली ९३ टक्के मतदान झाले होते, २०२२ मध्ये ते ६४ टक्के झाले. जपानच्या कनिष्ठ सभागृहासाठी १९९० मध्ये ७३ टक्के लोकांनी मत दिले होते, २०१४ मध्ये ५३ टक्क्यांनी दिले. फ्रान्समध्ये २०१७ च्या संसदीय निवडणुकीच्या दुसऱ्या फेरीत ४३ टक्केही मतदान झाले नाही. पण ही घसरण अटळ नाही. त्याच फ्रान्समध्ये २०२४ च्या अटीतटीच्या निवडणुकीत मतदान ६७ टक्क्यांच्या जवळ गेले, आणि जर्मनीत २००९ मध्ये ७१ टक्क्यांपर्यंत उतरलेला आकडा २०२५ मध्ये ८२ च्या वर चढला. जो आकडा पुन्हा चढू शकतो, त्यामागे कायमचा आळस असणार नाही.

सोय वाढवली, तरी मतदान घटले

आळस हेच कारण असते, तर मतदान सोपे केल्यावर लोक परतले असते. ब्रिटनमध्ये मतदान केंद्रे सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत, सलग पंधरा तास उघडी असतात. पूर्वी टपाली मतदानासाठी आजारपणासारखे कारण द्यावे लागे. २००१ पासून इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये कोणालाही कारण न देता टपालाने मत पाठवता येऊ लागले, आणि त्याच वर्षी मतदान नीचांकाला गेले. तिथे मतदान गुरुवारी, म्हणजे कामाच्या दिवशी होते हे खरे, परंतु फ्रान्समध्ये ते रविवारी होते आणि तरीही तिथे घसरण झालीच.

एस्टोनिया या छोट्या देशाने २००५ पासून इंटरनेटवरून मतदानाची सोय केली आहे. २०२३ च्या संसदीय निवडणुकीत निम्म्याहून अधिक मते घरबसल्या संगणकावरून पडली. तरीही एकूण मतदान २०११ मध्ये होते तितकेच, म्हणजे ६४ टक्क्यांच्या जवळपास राहिले. सोयीचा फायदा मुख्यतः जे एरवीही मतदान करणारच असतात त्यांना होतो. ज्याने जायचेच नाही असे ठरवले आहे, त्याच्या दृष्टीने केंद्र जवळ आहे की लांब, याला फारसा अर्थ नसतो.

एका मताने काय होते?

हा प्रश्न आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९५७ साली तो हिशेबाच्या रूपात मांडला. मत देण्यासाठी वेळ जातो, थोडीफार माहिती मिळवावी लागते, रांगेत उभे राहावे लागते. त्या बदल्यात आपल्या एकट्या मतामुळे निकाल बदलण्याची शक्यता नगण्य असते. २०२४ मध्ये लंडनच्या हेंडन मतदारसंघात फक्त १५ मतांनी निकाल लागला आणि २०१७ मध्ये स्कॉटलंडमधील नॉर्थ ईस्ट फाइफ मतदारसंघात दोन मतांनी. पण अशा जागा साडेसहाशेत एखाददुसरी असतात, आणि तिथेही एकच मत निर्णायक ठरले नव्हते. निव्वळ फायद्या-तोट्याने पाहिले तर कोणीच मतदान करू नये.

तरीही कोट्यवधी लोक करतात. त्यामुळे लोक मत का देत नाहीत, याच्या आधी इतके लोक मत देतात तरी का, हे विचारायला हवे. विल्यम रायकर आणि पीटर ऑर्डेशूक या अभ्यासकांनी १९६८ मध्ये डाउन्स यांच्या हिशेबात कर्तव्यभावनेची भर घातली: आपण समाजाचे घटक आहोत आणि हे आपले काम आहे, या जाणिवेचे समाधान माणसाला केंद्रापर्यंत नेते. ही जाणीव एकट्याच्या मनात आपोआप उगवत नाही. घरातली मोठी माणसे जाताना दिसतात, शेजारी विचारतात, कामावरचे सोबती विषय काढतात, आणि त्यातून ती घडते.

अमेरिकेतील मिशिगन राज्यात २००६ साली झालेल्या एका प्रयोगाने हे मोजून दाखवले. तिथे कोणाला मत दिले हे गुप्त असले, तरी मत दिले की नाही याची नोंद खुली असते. संशोधकांनी हजारो घरांना पत्रे पाठवली. काही पत्रांत फक्त कर्तव्याची आठवण होती, तर काहींत त्या घराची व शेजाऱ्यांची मागील मतदानाची नोंद छापून, निवडणुकीनंतर ती पुन्हा कळवली जाईल असे म्हटले होते. ज्यांना काहीच पत्र गेले नव्हते त्यांच्यापैकी सुमारे ३० टक्क्यांनी मतदान केले, शेजाऱ्यांची नोंद मिळालेल्यांपैकी सुमारे ३८ टक्क्यांनी केले. एका कागदाने आठ टक्क्यांचा फरक पडला. शेजाऱ्यांची नोंद अशी घरोघरी पाठवणे योग्य की अयोग्य, यावर वाद होऊ शकतो आणि मला स्वतःला ते पटत नाही. पण चार माणसांच्या नजरेचा मतदानाशी किती जवळचा संबंध आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

बोलावणारी माणसे नाहीशी झाली

आता ब्रिटनकडे परत येऊ. १९५० च्या दशकात हुजूर पक्षाचे सुमारे २८ लाख सदस्य होते. २०२४ मध्ये पक्षनेत्याच्या निवडीच्या वेळी त्यांची संख्या एक लाख ३२ हजारांच्या आत होती. कामगार संघटनांची सदस्यसंख्या १९७९ मध्ये एक कोटी ३० लाखांच्या वर होती, आता ती जवळपास निम्म्यावर आली आहे. साउथ वेल्स किंवा डरॅम भागातील कोळसा खाणींच्या गावांत संघटनेची शाखा, कामगारांचा क्लब आणि चर्च या तीन ठिकाणी माणसाचे सगळे सामाजिक आयुष्य जात असे. मतदानाच्या दिवशी पक्षाचे कार्यकर्ते केंद्राबाहेर बसून कोण येऊन गेले याची नोंद ठेवत, आणि संध्याकाळी राहिलेल्यांची दारे ठोठावत. खाणकामगारांच्या १९८४-८५ च्या संपानंतर खाणी एकामागून एक बंद झाल्या. मग शाखा गेली, क्लब ओस पडला आणि दार ठोठावणारी माणसेही कमी झाली. माणसे तीच होती, गावही तेच होते, पण मतदान हा सर्वांनी मिळून करायचा व्यवहार होता, तो ज्याच्या त्याच्या मर्जीचा प्रश्न झाला.

त्याच सुमारास पक्ष एकमेकांसारखे दिसू लागले. टोनी ब्लेअर यांनी १९९० च्या दशकात मजूर पक्षाला मध्यममार्गाकडे नेले, आणि कामगार वस्त्यांतून आलेले उमेदवारही कमी होत गेले. जेफ्री इव्हान्स आणि जेम्स टिली या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे, की यानंतर कामगारवर्गातील अनेकांनी दुसरा पक्ष धरण्याऐवजी मतदानच सोडले. पूर्वी ब्रिटनमध्ये कामगार आणि सुस्थित यांच्या मतदानात फारसा फरक नव्हता, तो या काळात पडला.

यात निवडणूक पद्धतीचाही वाटा आहे. आपल्याप्रमाणेच तिथेही मतदारसंघात सर्वाधिक मते मिळवणारा निवडून येतो, आणि बाकीच्यांची मते वाया गेल्यासारखी होतात. पिढ्यान्‌पिढ्या एकाच पक्षाकडे राहिलेल्या ‘सुरक्षित’ मतदारसंघात निकाल आधीच ठरल्यासारखा असतो, म्हणून पक्षही तिथे प्रचाराला फारसे फिरकत नाहीत.

लोकांना राजकारणाचे काही वाटेनासे झाले होते का? २०१६ मध्ये युरोपीय संघातून बाहेर पडायचे की नाही यावर सार्वमत झाले. त्यात सुरक्षित मतदारसंघ नव्हते, प्रत्येक मत देशभरच्या एकाच बेरजेत जाणार होते, आणि दोन पर्यायांमधला फरक कोणालाही समजणारा होता. मतदान ७२ टक्के झाले. आदल्याच वर्षीच्या सार्वत्रिक निवडणुकीपेक्षा सुमारे २९ लाख अधिक मते पडली. निकाल कोणाला पटो वा न पटो, आपल्या मताला वजन आहे असे दिसताच घरी बसलेले लोक बाहेर पडले.

पहिल्या निवडणुकीत लागलेली सवय

ब्रिटनने १९६९ मध्ये मतदानाचे वय २१ वरून १८ केले, आणि इतर अनेक देशांनीही त्याच सुमारास तसे केले. हक्क वाढवणारे हे पाऊल योग्यच होते. पण मार्क फ्रँकलिन या राज्यशास्त्रज्ञांनी त्याचा एक अनपेक्षित परिणाम दाखवला आहे. मतदान ही सवय आहे आणि पहिल्या दोन-तीन निवडणुकांत ती लागली तर लागते. अठरा ते वीस या वयात माणूस घर सोडून शिक्षणासाठी किंवा कामासाठी परगावी जातो, तिथे कोणाला ओळखत नाही, पत्ता दरवर्षी बदलतो. नेमकी तेव्हाच पहिली निवडणूक आली तर ती हुकण्याची शक्यता वाढते, आणि पहिली हुकलेल्यांपैकी अनेकांना पुढेही जावेसे वाटत नाही. २००१ आणि २००५ मध्ये ब्रिटनमधील १८ ते २४ वयोगटातील दहांपैकी साधारण चौघांनी मतदान केले, तर पासष्टीपुढच्या दहांपैकी सात किंवा अधिक जणांनी. ही दरी निव्वळ वयाची असती, तर तरुण पोक्त झाल्यावर ती भरून निघाली असती. पण सवय नसलेली पिढी जुन्या पिढीची जागा घेत गेली, की एकूण आकडाच खाली येतो.

म्हणूनच काही ठिकाणी वय आणखी खाली आणले जात आहे, आणि ऐकायला विचित्र वाटले तरी त्यामागे तर्क आहे. सोळाव्या वर्षी मूल आईवडिलांच्या घरात आणि शाळेत असते. स्कॉटलंडमध्ये २०१४ च्या स्वातंत्र्याच्या सार्वमतात १६-१७ वर्षांच्या मुलांना मत देता आले. त्यानंतरच्या पाहणीत त्यांच्यापैकी ७५ टक्क्यांनी आपण मतदान केल्याचे सांगितले, तर १८ ते २४ वयोगटात हे प्रमाण ५४ टक्के होते.

‘लोक समाधानी आहेत म्हणून येत नाहीत’ हे खरे आहे का?

हा आक्षेप बऱ्याचदा घेतला जातो. तो खरा असता, तर सुखवस्तू लोक घरी राहिले असते आणि गांजलेले लोक रांगा लावून उभे राहिले असते. ब्रिटनमध्ये नेमके उलट दिसते. स्वतःचे घर असलेले, शिकलेले आणि वयस्कर लोक अधिक मतदान करतात, तर भाडेकरू, गरीब वस्त्यांतले आणि तरुण लोक कमी करतात. २०२४ मध्ये मँचेस्टर रशोम मतदारसंघात मतदान ४० टक्क्यांच्या आसपास राहिले. ते समाधानाचे लक्षण मानणे मला शक्य नाही.

याचा परिणाम समजण्यासाठी गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेचा विचार करा. सभेला नेमाने येतात ते निवृत्त सभासद. त्यामुळे लिफ्टची दुरुस्ती आणि बसायचे बाक मंजूर होतात, तर मुलांच्या खेळाच्या जागेचा विषय वर्षानुवर्षे पुढे ढकलला जातो. त्यात कोणी दुष्टपणा केलेला नसतो. समोर बसलेल्यांचे ऐकले जाते, इतकेच. ब्रिटनमध्ये २०१० नंतर खर्चकपातीचे धोरण आले, तेव्हा सरकारी पेन्शनला तिहेरी हमी देण्यात आली: महागाई, सरासरी वेतनवाढ किंवा अडीच टक्के, यांपैकी जे सर्वाधिक असेल तितकी पेन्शन दरवर्षी वाढेल. त्याच काळात इंग्लंडमधील विद्यापीठांच्या शुल्काची कमाल मर्यादा जवळपास तिप्पट, म्हणजे वर्षाला ९,००० पौंड झाली. शुल्कवाढीला विरोध करू असे लेखी वचन देऊन निवडून आलेला लिबरल डेमोक्रॅट पक्षही हे निर्णय घेणाऱ्या सरकारात सामील होता. या निर्णयांना इतरही कारणे होती, परंतु कोणता गट मतदानाला येतो हे ठाऊक असलेले राजकारणी कोणाला दुखवायचे टाळतील, हे सांगायला नको. ज्यांच्यासाठी काही केले जात नाही त्यांचा विश्वास आणखी उडतो, ते आणखी कमी येतात, आणि पुढच्या जाहीरनाम्यात त्यांचे नाव आणखी खाली जाते.

‘अज्ञानी लोकांनी मत न दिलेलेच बरे’ असेही काही जण म्हणतात. गळक्या छताखाली राहणाऱ्या भाडेकरूला संसदेचे नियम माहीत नसतील, पण छत गळते आहे हे घरमालकापेक्षा त्याला अधिक चांगले ठाऊक असते. ती माहिती सरकारपर्यंत पोहोचवण्याचे त्याच्याकडे मताइतके स्वस्त साधन दुसरे नाही.

सक्ती करावी का?

सक्तीने आकडा वाढतो, यात शंका नाही. ऑस्ट्रेलियात १९२२ साली ६० टक्क्यांहून कमी मतदान झाले. १९२४ मध्ये कायदा झाला आणि १९२५ च्या निवडणुकीत ते ९१ टक्क्यांच्या वर गेले. सबळ कारणाशिवाय न येणाऱ्याला राष्ट्रीय निवडणुकीत २० ऑस्ट्रेलियन डॉलर दंड होतो. उलट नेदरलँड्सने १९७० मध्ये सक्ती काढली, तेव्हा १९६७ मध्ये ९५ टक्के असलेले मतदान १९७१ मध्ये ७९ टक्के झाले. भारतात गुजरातने स्थानिक संस्थांसाठी असा कायदा केला होता, पण २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली.

मत न देणे हेही स्वातंत्र्य आहे, हा आक्षेप वजनदार आहे. ऑस्ट्रेलियात गुप्त मतदानामुळे कोरी मतपत्रिका टाकणे शक्य आहे, त्यामुळे व्यवहारात सक्ती येण्याची असते, निवडण्याची नव्हे. सक्तीचा मोठा लाभ मला टक्केवारीपेक्षा समतेत दिसतो, कारण गरीब आणि तरुण मतदारांकडे दुर्लक्ष करणे तिथल्या पक्षांना परवडत नाही. मात्र पक्ष सगळे सारखेच, ही लोकांची तक्रार दंडाने मिटत नाही.

आपल्याकडे हेच चालले आहे का?

नाही, आणि ब्रिटनचे स्पष्टीकरण जसेच्या तसे इथे लावणे चूक ठरेल. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत भारतात सुमारे ४५ टक्के मतदान झाले होते. २०१९ मध्ये ते ६७ टक्क्यांवर, आजवरच्या उच्चांकावर गेले, आणि २०२४ मध्ये ६६ टक्क्यांच्या आसपास राहिले. शिवाय आपल्याकडे खेड्यांतील आणि गरीब मतदार शहरी सुखवस्तूंच्या मागे नाहीत, बहुतेकदा पुढेच असतात. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत गडचिरोली-चिमूरमध्ये सुमारे ७२ टक्के मतदान झाले, तर दक्षिण मुंबईत ५० टक्के. रेशन, दाखले, पाणी, घरकुल अशा गोष्टींसाठी ज्याला सरकारी दारात जावे लागते त्याला मताची किंमत कळते, आणि ज्याने खासगी शाळा, खासगी दवाखाना व टँकर विकत घेतले आहेत त्याला ती कमी जाणवते. मुंबई-पुण्याच्या आकड्यांत यादीचाही दोष मिसळलेला असतो: घर बदलून गेलेल्यांची, मृतांची आणि गावीही नोंद असलेल्यांची नावे राहून जातात, आणि टक्केवारी आहे त्याहून कमी दिसते.

यादीत नाव असण्याचा प्रश्न

ब्रिटनमध्ये यादीची अडचण उलट आहे. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये २०१४ पर्यंत घरातील एक जण सगळ्यांची नावे नोंदवू शकत असे. आता प्रत्येकाने स्वतः नोंदणी करायची असते. त्यामुळे वारंवार घर बदलणारे तरुण आणि भाडेकरू गळतात, आणि तिथल्या निवडणूक आयोगाच्या अंदाजानुसार ७० ते ८० लाख लोकांची नोंद नाही किंवा बरोबर नाही. तिथे राहणाऱ्या मराठी वाचकांनी एक गोष्ट जरूर लक्षात घ्यावी. भारत राष्ट्रकुलाचा सदस्य असल्यामुळे, ब्रिटनमध्ये वैध परवान्यावर राहणाऱ्या प्रौढ भारतीय नागरिकाला तिथल्या संसदीय निवडणुकीतही मत देता येते, त्यासाठी ब्रिटिश नागरिकत्व लागत नाही. २०२३ पासून इंग्लंडमध्ये केंद्रावर छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवावे लागते, आणि त्यासाठी भारतीय पासपोर्ट चालतो. मात्र नाव आधी यादीत असायला हवे.

जुलै २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने मतदानाचे वय १६ करण्याचा आणि नोंदणी टप्प्याटप्प्याने आपोआप होईल अशा दिशेने नेण्याचा मनोदय जाहीर केला. हे अमलात आले, तर पुढील आकडे वाचताना सावध राहावे लागेल. यादीत येणारी नवी नावे मुख्यतः त्याच गटांतली असतील, जे आज कमी मतदान करतात. त्यांच्यापैकी निम्म्यांनी मत दिले तरी मत देणाऱ्यांची संख्या खूप वाढेल, पण अंशापेक्षा छेद अधिक वेगाने फुगेल आणि टक्केवारी घसरल्याची बातमी छापून येईल. त्या वेळी एकूण किती मते पडली आणि प्रौढ लोकसंख्येशी त्यांचे प्रमाण काय, हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.